छत नसलेली खोली

माझं काम काय हे लोकांना सांगायला मला लाज वाटत नाही, पण समजावून सांगायचा कंटाळा येतो. डेट्रॉइटजवळच्या ट्रॉयमध्ये मी गाड्यांचे आवाज ऐकतो. नवी गाडी बाजारात जायच्या आधी तिच्यात कुठे कुरकुर आहे, कुठे खडखड आहे, दार लावल्यावर भारदस्त वाजतं की पत्र्याच्या डब्यासारखं, हे शोधायचं आणि नको तो आवाज मारून टाकायचा. सुट्टीत नागपूरला गेलो की आमचे जगन्नाथकाका विचारतात, "विनय, एवढं शिकून तू खडखड ऐकतोस?" मी हो म्हणतो. या कामापायी माझा कान इतका किरकिरा झाला आहे की लग्नाच्या हॉलमध्ये मला सनई ऐकू येत नाही, पंख्याचं बेअरिंग ऐकू येतं.

म्हणून २००५ च्या सप्टेंबरात माझी बायको मौशुमी म्हणाली, "आईचा आवाज रेकॉर्ड करून दे," तेव्हा मला ते किरकोळ काम वाटलं. एक दुपार, एक माइक, झालं.

मौशुमी कोलकात्याची. तिची आई बीणापाणी त्या वर्षी आमच्याकडे आली होती ती ऑपरेशनच्या आधी लेकीला आणि नातीला भेटायला. गळ्यातली थायरॉइडची गाठ नोव्हेंबरात काढायची होती. कोलकात्याच्या सर्जननं स्पष्ट सांगितलं होतं की आवाजाची नस गाठीला चिकटून आहे. ऑपरेशननंतर बोलता येईल, गाण्याचं काही सांगता येत नाही. आणि ही बाई जन्मभर गात आलेली. मौशुमीच्या काळजीचं कारण मला समजत होतं, फक्त घाई समजत नव्हती.

कारण सासूबाईंच्या ख्यालाच्या कॅसेटी कोलकात्याच्या घरात कपाटभर होत्या. रोज सकाळी आमच्या तळघरात त्या इलेक्ट्रॉनिक तानपुरा लावून रियाझाला बसत. आवाज गोल, मऊ, एका सुरावरून दुसऱ्यावर जाताना कुठे सांधा दिसायचा नाही. माझ्या किरकिऱ्या कानालासुद्धा त्यात खोट काढता येत नसे, आणि ते मला थोडं खुपतही असे. आणखी एक कॅसेट कशाला, असं मी विचारलं. मौशुमी म्हणाली, "तो आवाज नको म्हणते. दुसरा. आम्हीसुद्धा कधी ऐकला नाहीये."

दुसऱ्या आवाजाचा उलगडा हॅमट्रॅमकच्या मासळीच्या दुकानात झाला. हॅमट्रॅमक आमच्यापासून अर्ध्या तासावर, तिथे बांगलादेशी लोकांची मोठी वस्ती आहे. बंगाली सासू घरात असली की जावयाला दर शनिवारी हिल्सा आणायला तिथे जावंच लागतं. मी शाकाहारी घरातला माणूस, पण आता त्या माशाचे काटे काढण्यात माझा हात कुणी धरणार नाही. तर त्या शनिवारी फ्रीजरपाशी उभे होतो, दुकानाच्या मागच्या बाजूला कॅसेट चालू होती, आणि त्यातून एका बाईचा आवाज येत होता. नदीवरचं गाणं होतं. आवाज उघडा, सरळ, धारदार. सूर जिथे सुरू झाला तिथेच ताठ उभा, आणि शेवटी श्वास संपला की मोडायचा. लपवाछपवी नाही. काउंटरवरच्या गिऱ्हाइकानं हाक मारली तेव्हा दुकानदार मागून ओरडला, "आइतासि!"

सासूबाई फ्रीजरचं दार उघडं टाकून तशाच उभ्या राहिल्या. मग खुदकन हसल्या, आणि डोळे पुसायला लागल्या. मौशुमीनं मला सांगितलं की "आइतासि" म्हणजे "येतोय, आलोच." कोलकात्यात "आसछि" म्हणतात. आई लहानपणी पूर्व बंगालात पद्मा नदीकाठच्या विक्रमपूरला होती, तिकडची ही बोली. सासरी आल्यावर ती बोलायची नाही असं ठरलं, आणि सगळं बंद झालं.

परतताना हायवेवर सासूबाई स्वतःहून बोलायला लागल्या. आमच्या दोघांची भाषा म्हणजे मोडकी हिंदी. त्या ती बंगाली बाजूनं मोडत, मी मराठी बाजूनं. बंगालीत मुलाला म्हणतात तसं त्या मला "बाबा" म्हणत आणि मी त्यांना "मा" म्हणे. आमची इशिता, तेव्हा पंधरा वर्षांची, यावर अजून हसते.

त्यांचे वडील होडीनं ताग पोचवायचे. संध्याकाळी नदीवर धुकं असलं की परतताना त्यांना आपला घाट कुठला ते कळायचं नाही. मग आई घाटावर जाऊन त्यांना बोलवायची. पण बोलवायचं कसं, नवऱ्याचं नाव तर घ्यायचं नाही. म्हणून ती गाण्याची एकच ओळ म्हणायची, हाक दिल्यासारखी, पाण्यावरून पार पलीकडे जाईल अशी. मग थांबायची. पलीकडून वडिलांचा आवाज यायचा, "आइतासि!" त्यानंतर होडी दिसायची. अकरा वर्षांची बीणा शेजारी उभी राहून तसंच म्हणायला शिकली. आई म्हणायची, तुझा माझ्यापेक्षा लांब जातो.

मग फाळणी झाली. काकांबरोबर तिला कोलकात्याला पाठवून दिलं, दोन महिन्यांत आम्ही येतोच म्हणाले. आई आली नाही. त्याच हिवाळ्यात तिकडेच तापानं गेली.

पुढे उत्तर कोलकात्यातल्या गाण्याचं वेड असलेल्या घरात लग्न झालं. सासऱ्यांनी सुनेचा गळा ऐकला आणि उस्ताद लावून दिला. माणसं चांगली होती, हे सासूबाईंनी दोनदा सांगितलं. फक्त घरातले एवढंच म्हणत, हाक मारल्यासारखं गाऊ नकोस. तोंड एवढं उघडू नकोस. आवाज आत ठेव, घोळव. ते शिकता शिकता पहिला आवाज गेला.

"शब्द याद है, सुर भी याद है," त्या म्हणाल्या. "मा का मुख भी थोड़ा थोड़ा. गला याद नेही. एक बार वो गला निकल जाए, बाबा. ऑपरेशन से पहले."

मी गाडी चालवत होतो म्हणून बरं, नाहीतर माझं तोंड त्यांना दिसलं असतं. माझी आई जाऊन तेव्हा नऊ वर्षं झाली होती. फोटो आहेत ढीगभर. पण धंतोलीच्या गल्लीत शेवटचा बॉल चालू असताना ती गॅलरीतून "विन्या" म्हणून जी हाक मारायची, ती मी आठवायला गेलो की मला शब्द आठवतो, आवाज नाही. आवाजाच्या धंद्यातला माणूस मी, माझ्याकडे आईचा आवाज नाही. तेव्हा कुणाला सुचलंच नाही. त्या दिवसापासून हे काम माझ्यासाठी किरकोळ राहिलं नाही.

पहिला प्रयत्न तळघरात केला. तानपुरा बंद, गालिच्यावर आसन, समोर ऑफिसातून आणलेला चांगला माइक. त्यांनी ती ओळ म्हटली. सुंदर म्हटली. इतकी सुंदर, की घाटावर तसं गाणारी बाई पाहून होडी बुचकळ्यात पडली असती. प्रत्येक सूर घोळवलेला, शेवट मखमली. इशिता पायरीवर बसून होती, ती आजीला म्हणाली, "दीदा, यू आर सिंगिंग इट टू नाइस." सासूबाईंना इंग्रजी बेताचं येतं, पण हे बरोबर कळलं. त्यांनी मान हलवली.

मी लॅपटॉपवर आलेख काढून इशिताला दाखवला. आवाज म्हणजे एक सूर नसतो, एकावर एक थर असतात. ख्यालाचा गळा सगळं बळ खालच्या थरांत ठेवतो, म्हणून तो गोल आणि जवळचा वाटतो. आणि सूर रेषेसारखे वळत जातात. दुकानातल्या कॅसेटची मी एक प्रत मागून आणली होती, तिचा आलेख शेजारी लावला. त्यात वर, तीन हजार हर्ट्झच्या आसपास, एक जाड पट्टी होती. माणसाचा कान नेमका तिथेच सगळ्यात तिखट असतो. वारा, पाणी, वल्ही यांच्या आवाजातून वाट काढायची तर बळ तिथे पाहिजे. नदीकाठच्या माणसांनी हे आलेख न काढता शोधून काढलं होतं. आणि मी? गाडीत त्या जागेला आवाज दिसला की कर्कश म्हणून पहिला तो मारतो. पगारच त्याचा घेतो.

सासूबाईंच्या आलेखात त्या जागी काही नव्हतं. स्वच्छ पुसलेलं होतं.

मग सगळ्यांचं एकमत झालं की उघड्यावर जायला हवं. मिशिगनमध्ये तळ्यांना तोटा नाही. रविवारी सकाळी एका तळ्याकाठी गेलो. सासूबाईंनी शाल सावरली, कानावर हात ठेवला, पाण्याकडे तोंड केलं आणि ओळ सुरू केली. पहिल्या दोन सुरांत मला काहीतरी वेगळं ऐकू आलं, मी हेडफोन दाबून धरले. तेवढ्यात कुत्र्याला घेऊन धावणारी एक भली बाई थांबली आणि घाबऱ्या चेहऱ्यानं विचारलं, आजींना बरं वाटत नाहीये का, फोन करू का कुणाला? तिचं चुकलं नव्हतं. हाक ती हाकच. मौशुमीनं तिला थँक्यू म्हणून पाठवलं, पण सासूबाई ओशाळल्या त्या ओशाळल्या. पुन्हा गायल्या तेव्हा तोच तळघरातला आवाज. शिवाय रेकॉर्डिंगमध्ये मागे मोटरबोट, हायवे आणि बदकांचं एक संमेलन.

सासूबाईंना परत जायला दहा-बारा दिवस उरले होते. मौशुमी चिडचिड करायला लागली, की मीच आईला नाही ते स्वप्न दाखवलं. मी म्हटलं, स्वप्न तिचं स्वतःचं आहे, मी नुसता माइकवाला. त्यावरून दोन दिवस घरात अबोला. सासूबाई मात्र रोज सकाळी तळघरात उतरून दार लावून प्रयत्न करत होत्या. मी पायऱ्यांवर उभा राहून ऐकायचो. ऐकणं हे एकच मला नीट येतं.

आणि तिथे माझ्या लक्षात आलं. ओळ संपली की त्या एक क्षण मान किंचित तिरकी करायच्या. भिंतीवरून परत आलेला आपला आवाज ऐकायच्या, आणि पुढच्या वेळी तो आणखी साफ करायच्या. पन्नास वर्षांची सवय होती ती. बंद खोलीत आवाज परत येतो. परत आला की त्या तो दुरुस्त करतात. उस्ताद कधीच वारले, सासरे वारले, पण भिंती त्यांचं काम करत होत्या.

आवाज परत न देणारी एक खोली मला माहीत होती. मी तिथे रोज आठ तास असतो.

आम्ही तिला चेंबर म्हणतो. अख्खी गाडी मावेल एवढी खोली. भिंतींना आणि छताला हातभर लांबीच्या फोमच्या पाचरी, त्यांच्यात गेलेला आवाज परत येत नाही. जमीन मात्र काँक्रीटची, टणक, कारण गाडी उभी करायची असते. नवीन माणूस आत गेला की पाच मिनिटांत बाहेर येतो, कानात दडे बसल्यासारखं होतं म्हणतो. म्हणूनच मला ही खोली आधी सुचली नव्हती. म्हाताऱ्या माणसाला तिथे कोण नेतं? पण त्या पायरीवर मी पहिल्यांदा नीट विचार केला. खाली टणक, चहूकडे आणि वर काहीच नाही. आवाजाच्या हिशेबात ही नदी झाली. खाली पाणी, वर आभाळ.

माझा बॉस डेल, मूळचा शेतकऱ्याच्या घरातला. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि रविवारचा पास सही करून दिला. "पाहुण्यांना फोम ओढू देऊ नकोस" एवढंच म्हणाला.

रविवारी चौघं गेलो. गाडी बाहेर काढून ठेवलेली, खोली रिकामी. सासूबाईंनी दारात चपला काढल्या. काँक्रीट गार होतं, तरी अनवाणी आत गेल्या. मधोमध उभ्या राहिल्या. मी त्यांचा चेहरा बघत होतो, भीती दिसली तर लगेच बाहेर आणायचं ठरवून. त्यांनी एकदा हलकेच "आ" केलं. परत काही आलं नाही. पुन्हा केलं.

"इधर छाद नेही है, बाबा."

मी वर बोट दाखवून म्हटलं, "है ना, मा. वो रहा."

"आँख को दिखता है," त्या म्हणाल्या. "कान को नेही."

मग त्यांनी इशिताला बोलावलं आणि खोलीच्या पार त्या टोकाला जायला सांगितलं. पलीकडच्या काठाला. इशितानं विचारलं, "लाइक, ऑल द वे?" आणि भिंतीला पाठ टेकेपर्यंत मागे गेली. मी आणि मौशुमी शेजारच्या कंट्रोल रूममध्ये आलो, जाड काचेमागे. रेकॉर्डिंग सुरू केलं, लाल दिवा दोनदा तपासला.

मग सासूबाईंचा हात कानावर गेला.

काचेतून मला आधी तोंड दिसलं. एवढं उघडलेलं मी त्यांचं तोंड कधी पाहिलं नव्हतं. आणि हेडफोनमध्ये जो आवाज आला तो माझ्या सासूबाईंचा नव्हता. सरळ, उघडा, पातीसारखा. सूर कुठे घोळवला नाही, लपवला नाही. ताठ निघाला आणि इशिताच्या दिशेनं गेला. शेवटी श्वास संपला तिथे मोडला, आणि त्या थांबल्या. मान तिरकी केली नाही. समोर बघत राहिल्या, पलीकडून कुणीतरी येईल म्हणून. पडद्यावर तीन हजारांच्या जागी जाड पट्टी पेटली होती, आणि मी जन्मभर जो आवाज मारत आलो तो बघून मला रडू येत होतं. मौशुमी तर उघड उघड रडत होती.

त्यांनी ती ओळ पुन्हा म्हटली. आणखी मोठ्यानं. मग पुन्हा. प्रत्येक वेळी थांबल्या. इशिता त्या टोकाला हात छातीशी धरून उभी होती, हलली नाही.

बाहेर आल्या तेव्हा त्यांना दम लागला होता, पण चेहरा एखाद्या पोरीसारखा खट्याळ. "हुआ?" म्हणून विचारलं. मी खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं आणि हेडफोन कानांवर चढवून दिले. एक गोष्ट मी विसरलो होतो, खरं म्हणजे माझ्या धंद्यात ती पहिल्या दिवशी शिकवतात. माणूस स्वतःचा आवाज स्वतःच्या हाडांतून ऐकतो. बाहेरून तो कसा येतो हे त्याला रेकॉर्डिंगमध्येच कळतं. ख्यालाचा आवाज त्यांनी शेकडो वेळा ऐकला होता. हा आवाज बाहेरून त्यांनी आयुष्यात कधी ऐकलाच नव्हता.

मी बटण दाबलं. ओळ सुरू झाली आणि त्यांनी माझं मनगट पकडलं. खट्याळपणा गेला. तीच ओळ दुसऱ्यांदा होईपर्यंत त्या हलल्या नाहीत. मला वाटलं, आवडलं नाही. कर्कश वाटलं असेल. मी हेडफोन काढायला गेलो तर त्यांनी माझा हात झटकला.

"ये मैं नेही हूँ," त्या म्हणाल्या. "ये मा है."

ज्या आवाजाचा जगात कुठे मागमूस नव्हता, तो आवाज ती बाई स्वतःच्या गळ्यात घेऊन पन्नास वर्षं ख्याल गात होती. त्यांनी ते रेकॉर्डिंग तिथे बसून किती वेळा ऐकलं ते मी मोजलं नाही. सुरक्षारक्षक येऊन विचारून गेला, त्याला इशितानंच काहीतरी सांगून परत पाठवलं.

नोव्हेंबरात कोलकात्याला ऑपरेशन झालं. गाठ साधी निघाली, पण नसेला धक्का लागलाच. आवाज जाड झाला, घोगरा, दोन वाक्यांनंतर दमायचा. ख्याल संपला. त्यांच्याकडे गाणं शिकणाऱ्या मुलींना त्यांनी दुसरीकडे पाठवून दिलं. मौशुमी फोन ठेवून रडायची, आणि सासूबाई तिकडून तिचीच समजूत काढायच्या. मला तो धीर वरवरचा वाटायचा.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी सकाळी मी फोन केला. तिकडे संध्याकाळ. हिल्सा खाताना काटा माझ्या घशात अडकला होता, ते सांगून त्यांना हसवावं एवढाच विचार होता. फोन उचलला गेला आणि मागून, कुठल्यातरी लांबच्या खोलीतून, ती ओळ ऐकू आली. मी करून दिलेली सीडी. मी म्हटलं, मा, प्लेअर जवळ घ्या की, एवढ्या लांब का ठेवलाय? त्या म्हणाल्या की तो पुढच्या गच्चीत आहे आणि त्या मागच्या स्वयंपाकघराच्या दारात उभ्या आहेत. रोज याच वेळेला लावतात. जवळून ऐकायचा आवाजच नाही तो.

"एक मिनट, बाबा," त्या म्हणाल्या.

लांबून येणारी ओळ संपत आली होती. शेवटचा सूर ताठ गेला आणि श्वास संपला तिथे मोडला. मग ती शांतता, ट्रॉयच्या चेंबरमधली, जिथे त्या हाकेला कुणी उत्तर दिलं नव्हतं. आणि माझ्या कानाशी, अगदी जवळ, जो उरला होता त्या घोगऱ्या आवाजात त्या म्हणाल्या,

"आइतासि, मा."